फायर इंजिनिअर म्हणजे काय रे भाऊ? सरकारी सेवेतल्या प्रशिक्षणार्थीचं काम, अभ्यास आणि आपल्या पोरांसाठीचे खरे रस्ते

तालुका प्रतिनिधी | विशेष माहिती

उन्हाळा लागला की आपल्या मोबाईलवर एक बातमी ठरलेली असते. कुठे कुटाराची गंजी जळाली, कुठे गोठा, कुठे जिनिंगमधली रुई. बातमीची शेवटची ओळही ठरलेली, 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.' दोन दिवस चर्चा होते, पंचनामा होतो आणि विषय संपतो.

पण हीच आग लागायच्या आधी तिचा विचार करणारा एक माणूस सरकारी सेवेत असतो. तो इमारतीचा नकाशा बघतो, टेप लावून दरवाजा मोजतो, जिन्यात ठेवलेली पोती हलवायला सांगतो. त्याला फायर इंजिनिअर म्हणतात. नोकरीला नवीन लागलेला असेल तर प्रशिक्षणार्थी किंवा परिविक्षाधीन अधिकारी.

या नोकरीबद्दल आपल्याकडे माहिती कमी आणि गैरसमज जास्त आहेत. 'फायर म्हणजे पाईप धरायचा' असं बरेच पालक समजतात. त्याचा फायदा घेऊन 'फायर सेफ्टी डिप्लोमा करा, सरकारी नोकरी पक्की' असे बॅनर तालुक्याच्या चौकाचौकात लागतात आणि घरातला कापसाचा पैसा तिकडे जातो. म्हणून या कामाची सगळी माहिती एका ठिकाणी देत आहोत. बारावी सायन्सला पोरगा किंवा पोरगी असेल त्यांनी तर वाचाच, पण ज्यांचं गावात मंगल कार्यालय, दवाखाना, शाळा किंवा गोदाम आहे त्यांनीही वाचा.

फायरमन वेगळा, फायर इंजिनिअर वेगळा

फायरमनला सरकारी जाहिरातीत अग्निशामक किंवा अग्निशमन विमोचक म्हणतात. गाडीवर जाणं, होज टाकणं, आत अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं हे त्याचं काम. जिवावरचं काम आहे, त्याला तोड नाही.

फायर इंजिनिअरचं बरंचसं काम आग लागायच्या आधीचं असतं. इमारतीत किती माणसं बसणार, ती किती दरवाजांनी बाहेर पडणार, पाण्याची टाकी किती मोठी हवी, पंप किती ताकदीचा हवा, धूर कुठून बाहेर जाईल, वायरिंगवर किती लोड आहे, हे सगळं तो आकड्यात मांडतो. मात्र सरकारी अग्निशमन सेवेत त्याला नुसतं टेबलावर बसून चालत नाही. आग लागली की तोही गाडीवर जातो आणि पथकाला हुकूम देतो. त्यासाठी आधी त्यालाही फायरमनचं सगळं काम हातानं करून शिकावं लागतं.

ही सरकारी नोकरी मिळते कुठे?

महापालिका आणि नगरपरिषदांची अग्निशमन दलं, एमआयडीसी, विमानतळ प्राधिकरण, ओएनजीसीसारख्या तेल कंपन्या, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल म्हणजे सीआयएसएफची फायर शाखा, अशा बऱ्याच ठिकाणी ही पदं असतात.

पगाराचा अंदाज यावा म्हणून तीन उदाहरणं. विमानतळ प्राधिकरणात ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (फायर सर्व्हिसेस) हे पद इंजिनिअरिंगची पदवी झालेल्यांसाठी आहे. त्यात फायर, मेकॅनिकल आणि ऑटोमोबाईल या शाखा चालतात. त्याची वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये. तिथेच ज्युनिअर असिस्टंट (फायर सर्व्हिसेस) या खालच्या पदाची वेतनश्रेणी ३१,००० ते ९२,००० रुपये. सीआयएसएफमध्ये कॉन्स्टेबल (फायर) बारावी सायन्सवर भरतात, वेतन २१,७०० ते ६९,१०० रुपये. हे मूळ वेतन झालं, भत्ते वेगळे.

पहिल्या वर्षात प्रशिक्षणार्थी काय करतो?

समजा, आपल्या गावचा एक पोरगा फायर इंजिनिअर होऊन सरकारी सेवेत लागला. त्याचा दिवस साधारण असा जातो.

सकाळ मैदानावर. परेड, धावणं, मग ड्रिल. होज पाईप उलगडायचा, जोडायचा, पाणी सोडायचं, पुन्हा गुंडाळायचा. हा पाईप साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा आणि १५ मीटर लांबीचा असतो. शिडी लावायची, माणूस खांद्यावर घेऊन उतरायचं. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावून धुरानं भरलेल्या अंधाऱ्या खोलीत शिरायचं. समोरचा हात दिसत नाही, भिंतीला हात लावून चाचपडत पुढं जायचं. सिलिंडरमधली हवा अर्धा-पाऊण तासाची. घाबरून जोरजोरात श्वास घेतला तर ती आणखी लवकर संपते. म्हणून आधी श्वासावर ताबा शिकवतात.

दुपारी ऑफिस. नवीन इमारतींचे नकाशे समोर येतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात अग्निसुरक्षेचे नियम आहेत. तो भाग प्रशिक्षणार्थ्याचा रोजचा सोबती. घर, शाळा, दवाखाना, सभागृह, दुकान, कारखाना, गोदाम, प्रत्येकाचे नियम वेगळे. शाळेचा जिना किमान दीड मीटर रुंद, दवाखान्याचा आणि सभागृहाचा दोन मीटर. का, तर शाळेतली पोरं पायानं पळू शकतात, दवाखान्यातला पेशंट स्ट्रेचरवर न्यावा लागतो.

त्यानंतर वरिष्ठांसोबत प्रत्यक्ष पाहणी. हातात टेप, टॉर्च आणि वही. नकाशात दाखवलेला दरवाजा जागेवर आहे का? आहे, तर त्याला कुलूप आहे का? उंच इमारत असेल तर पंप चालू करून सगळ्यात लांबच्या हायड्रंटला दाब येतो का ते बघतात. तिथे साधारण साडेतीन किलोचा दाब मिळायला हवा. वरची टाकी कागदावर भरलेली आणि जागेवर कोरडी, असंही निघतं.

काही दिवस कंट्रोल रूमची ड्युटी असते. १०१ वर फोन आला की काय विचारायचं, घाबरलेल्या माणसाकडून पत्ता कसा काढायचा, हेही शिकावं लागतं. रात्रपाळी आहे, सणावाराला ड्युटी आहे. दिवाळीत तर सगळ्यात जास्त.

पाण्याचा हिशोब शेतकऱ्याला लगेच कळेल

आगीची गाडी आली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. आता हिशोब बघा. गाडीत साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. एका होज पाईपमधून मिनिटाला साधारण ४५० लिटर पाणी जातं. म्हणजे एका पाईपवर गाडी दहा मिनिटांत रिकामी. दोन पाईप लावले तर पाच मिनिटांत.

मग पुढचं पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न फायर इंजिनिअर आधीच सोडवून ठेवतो. जवळ विहीर आहे का, शेततळं आहे का, तिथपर्यंत गाडी जाईल असा रस्ता आहे का, पावसाळ्यात चाक रुतेल का. आपल्या गावात शेततळ्यात लाखो लिटर पाणी असतं, पण धुऱ्यावरून जाणारा रस्ता बैलगाडीपुरता. पाणी असून उपयोग नाही.

दरवाजाचा हिशोब

दुसरं उदाहरण मंगल कार्यालयाचं. हॉल ३० मीटर बाय २० मीटर, म्हणजे साधारण १०० फूट बाय ६५ फूट. क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. खुर्च्या दाटीनं लावल्या तर संहितेनुसार माणशी ०.६५ चौरस मीटर धरतात. ६०० ला ०.६५ नं भागा, ९२३ माणसं झाली. सपाटीवरच्या दरवाजासाठी माणशी साडेसहा मिलिमीटर रुंदी लागते. ९२३ गुणिले साडेसहा म्हणजे जवळपास ६,००० मिलिमीटर. सरळ भाषेत सांगायचं तर सहा मीटर, साधारण २० फूट दरवाजा लागतो.

तोही एकाच बाजूला नको. आग नेमकी त्याच दरवाजाजवळ लागली तर? म्हणून दोन-दोन मीटरचे तीन दरवाजे वेगवेगळ्या बाजूंना. दरवाजे बाहेरच्या दिशेनं उघडणारे. आतल्या बाजूनं गर्दी रेटत आली की आत उघडणारा दरवाजा उघडतच नाही, माणसं त्यालाच चिकटून चेंगरतात. लोक आत असताना कुलूप तर अजिबात नको.

आपल्या भागातली पत्र्याची मंगल कार्यालयं डोळ्यासमोर आणा. समोर एक मोठं शटर. मागचा दरवाजा आचाऱ्याच्या भट्टीकडे उघडतो, आणि तिथेच गॅस सिलिंडर. आता कळेल, टेप घेऊन आलेला साहेब एवढा खुसपट का काढतो ते.

हे नियम आले कुठून?

यातला जवळपास प्रत्येक नियम माणसं गेल्यावर शहाणपण आलं म्हणून पाळायला सांगतात. प्रशिक्षणात या घटना एकेक करून शिकवण्यासारख्या आहेत.

२३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं डबवाली. मंगल कार्यालयात शाळेचा बक्षीस समारंभ, वर कापडी आणि सिंथेटिक मंडप. आग लागली, मंडप जळत खाली आला, बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून जास्त जीव गेले, त्यात बहुतेक लहान मुलं.

१३ जून १९९७, दिल्लीचं उपहार सिनेमागृह. खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर वर बाल्कनीत भरला. जास्तीच्या खुर्च्यांनी एक वाट अडवलेली होती. ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून.

१६ जुलै २००४, तमिळनाडूतलं कुंभकोणम. शाळेत पोषण आहार शिजत होता, त्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली. ९४ मुलं गेली.

९ जानेवारी २०२१, आपल्या विदर्भातलं भंडारा. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात मध्यरात्रीनंतर आग आणि धूर. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. ती सगळी बाळं हातपाय हलवण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. त्यानंतर राज्यभर दवाखान्यांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले.

अशा घटनांत दोन गोष्टी बऱ्याचदा सापडतात. माणसं ज्वाळेपेक्षा धुरानं जास्त जातात. आणि बाहेर पडायची वाट नसते, अपुरी असते, किंवा वेळेवर सापडत नाही. म्हणून फायर इंजिनिअर बंब नंतर बघतो, दरवाजा आधी.

कापसाच्या पट्ट्यातल्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजावर आग लागून स्फोट झाला. त्या जहाजात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात शहीद झाले. म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. पेटणारा माल आणि फुटणारा माल एका छताखाली नको, हा धडा आजही तसाच आहे. आपण मात्र एकाच खोलीत कापूस, डिझेलचा कॅन आणि फवारणीची औषधं ठेवतो.

जिनिंगवाल्यांना ठाऊक असतं, कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की यंत्रात ठिणगी उडते. रुईची आग वरून विझलेली दिसते, पण गाठीच्या आत धुमसत राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पेट घेते. ओल्या कुटाराची किंवा गवताची गंजी आतून आपोआप तापते, तोही प्रकार असाच.

अवघड जागा कुठली?

आगीत शिरणं अवघड आहेच. पण या नोकरीतली खरी कसोटी वेगळी आहे. 'साहेब, एवढ्या वेळी समजून घ्या' या वाक्यासमोर उभं राहणं ती खरी कसोटी.

पाहणीला गेलं की मालकाचाही जीव टांगणीला असतो. कर्ज काढून हॉल बांधलेला असतो, लग्नाच्या तारखा घेतलेल्या असतात. आता भिंत फोडून दुसरा दरवाजा काढा म्हटलं की लाखाचा खर्च. मग ओळखी निघतात, फोन येतात. अंतिम सहीचा अधिकार वरिष्ठांचा असतो, पण पाहणीच्या वहीत जे दिसलं ते लिहायचं काम प्रशिक्षणार्थ्याचं. दरवाजाला कुलूप दिसलं तर 'कुलूप होतं' असंच लिहायचं. ते एक वाक्य गाळलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. होतं ते पाच वर्षांनी, एखाद्या रात्री.

मालकांनीही एक कायदा समजून घ्यावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ हा डिसेंबर २००८ पासून राज्यात लागू आहे. त्यानुसार यंत्रणा बसवण्याची आणि चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा वापरणाऱ्याची आहे. एकदा ना हरकत दाखला घेतला आणि फ्रेम करून लावला, एवढ्यावर भागत नाही. दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, ते घेऊन सादर करावं लागतं. एजन्सीचा माणूस न येता नुसता कागद आला तर समजा, पैसे कागदाचे दिले, सुरक्षिततेचे नाही.

फायर इंजिनिअर व्हायचं कसं?

आपल्यासाठी मुख्य रस्ते असे आहेत.

पहिला रस्ता पदवीचा. नागपूरला केंद्रीय गृह मंत्रालयाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ साली उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपुरात आलं. देशभरातले अधिकारी इथे तयार होतात. इथे फायर इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी आहे. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं आणि देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. देशभरातली पोरं जिथे यायला धडपडतात, ते कॉलेज आपल्या विदर्भात आहे आणि आपल्याच गावांत त्याचं नाव फारसं माहीत नाही.

दुसरा रस्ता राज्याचा. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं मुंबईत सांताक्रूझला प्रशिक्षण केंद्र आहे. अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा, दहावी पासवर. उपस्थानक अधिकारी व अग्नि प्रतिबंधक अधिकारी पाठ्यक्रम एक वर्षाचा, त्याला पदवी लागते. नगरपरिषद, महापालिका, एमआयडीसीच्या जाहिरातीत हे प्रशिक्षण मागतात.

तिसरा रस्ता थेट भरतीचा. सीआयएसएफ किंवा विमानतळ प्राधिकरणात आधी निवड होते आणि मग तेच प्रशिक्षण देतात. प्रशिक्षणात पगार किंवा विद्यावेतन सुरू असतं.

शरीराची मोजमापं आधी तपासा. मुलांना बहुतेक ठिकाणी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त, अशी अट असते. सीआयएसएफमध्ये उंचीची अट यापेक्षा जास्त आहे. मुलींची मोजमापं वेगळी असतात. नजर चांगली लागते आणि रंगांधळेपणा चालत नाही. वर्षभर अभ्यास करून मेडिकलला बाद होण्यापेक्षा अकरावीतच डोळे तपासून घ्या. नेमका आकडा आणि वयाची अट त्या-त्या जाहिरातीत बघा, ती बदलत राहते.

'मुलीचं काम नाही हे' असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव पुरेसं आहे. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये याच महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. पुढे त्या ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत अधिकारी झाल्या आणि देशातल्या पहिल्या महिला अग्निशमन अधिकारी म्हणून ओळखल्या जातात.

बॅनर बघून पैसे भरू नका

आता मुद्द्याचं. गल्लोगल्ली निघालेल्या 'फायर अँड सेफ्टी' कोर्सपैकी सगळे वाईट नाहीत. काही कोर्सवर खासगी कंपनीत सेफ्टीचं काम मिळतं. पण खासगी कंपनीतलं काम वेगळं आणि सरकारी अग्निशमन सेवा वेगळी. अॅडमिशनच्या वेळी हे दोन्ही एकत्र करून सांगतात. पोरगा वर्षभर शहरात राहतो, फी भरतो, आणि नगरपरिषदेचा फॉर्म भरताना कळतं की हे प्रमाणपत्र चालत नाही. अशी पोरं आपल्या तालुक्यातही आहेत. लाजेनं कोणी बोलत नाही एवढंच.

पैसे भरायच्या आधी चार गोष्टी करा.

१. ज्या नोकरीसाठी कोर्स करायचा, त्या नोकरीची जुनी सरकारी जाहिरात मोबाईलवर काढा. 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना शब्द न् शब्द वाचा.

२. त्यात ज्या संस्थेचा अभ्यासक्रम मागितला आहे, तोच हा आहे का, हे संस्थेला लेखी विचारा. 'त्याच्या बरोबरीचा आहे' असं तोंडी उत्तर चालणार नाही.

३. 'शंभर टक्के सरकारी नोकरी' असं लिहिलेलं असेल तर तिथूनच परत फिरा. सरकारी नोकरी जाहिरात आणि परीक्षेतून मिळते. कोणतीही संस्था तिची हमी देऊ शकत नाही.

४. रोख पैसे देऊ नका. पावती घ्या.

तोपर्यंत गावानं काय करायचं?

सगळ्याच गावांना फायर इंजिनिअर मिळणार नाही. गाडी तालुक्याहून यायला वेळ लागणारच. पण तो जे बघतो त्यातलं बरंच आपणही बघू शकतो.

दवाखाना, शाळा, आश्रमशाळा, अंगणवाडी, मंगल कार्यालय, इथे जाऊन फक्त एवढं बघा. बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? दोन्ही उघड्या आहेत का? रात्री मुक्कामी पोरं असतील तर बाहेरून कडी-कुलूप तर नाही ना? जिन्यात सामान भरलंय का? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

भिंतीवरचं लाल नळकांडं, म्हणजे अग्निशामक सिलिंडर, त्याच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. वापरायची रीत सोपी आहे. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. वरच्या ज्वाळेवर मारून उपयोग नाही. छोटा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. त्यामुळे पाठ दरवाजाकडे ठेवून उभं राहा, म्हणजे आग नाही विझली तर निघता येईल.

विजेच्या आगीवर पाणी टाकू नका, आधी मेन स्विच बंद करा. डीपीच्या आगीत स्वतः हात घालू नका, वीज कंपनीला कळवा. कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते, ती मूळ पाण्याच्या साधारण १,७०० पट जागा घेते आणि पेटतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवा. धुरात अडकलात तर वाकून, जमिनीलगत चाला. तिथे हवा बरी असते.

गंजी घरापासून आणि विजेच्या तारेपासून लांब लावा. एकच मोठी लावण्यापेक्षा दोन-तीन छोट्या, मध्ये मोकळी जागा सोडून. पऱ्हाटी किंवा धुरा पेटवताना वारा बघा आणि जवळ पाणी ठेवा.

फोन १०१ किंवा ११२ वर करा. शिवाय तालुक्याच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा आणि जवळच्या एमआयडीसीचा किंवा साखर कारखान्याचा थेट नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. फोनवर आधी गाव आणि ओळखीची खूण सांगा, मग काय जळतंय आणि आत कोणी अडकलंय का ते. एक माणूस मोटारसायकल घेऊन फाट्यावर पाठवा, गाडीला वाट दाखवायला. गावाजवळ पाणी कुठल्या विहिरीवर किंवा तळ्यावर मिळेल, तिथे मोठी गाडी जाते का, हे आजच ठरवून ठेवा. आग लागल्यावर ठरवायला वेळ नसतो.

आणि बारावी सायन्सच्या पोरापोरींनो, नागपूरच्या कॉलेजची आणि राज्याच्या संचालनालयाची अधिकृत संकेतस्थळं निकाल लागायच्या आधीच बघून ठेवा. प्रवेशाच्या तारखा निघून गेल्यावर आलेली माहिती काही कामाची नाही.